२४ व्होल्टचा स्मार्ट पॉवर सप्लाय : जादा पैसे नक्की कशाचे?

मकरपुरा_पॅनेल

पॅकिंग लाइनची नऊ एकसारखी पॅनेलं करायची आहेत. जागा वडोदऱ्याजवळचं वाघोडिया, पत्र्याची शेड. ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये यंदा पहिल्यांदा "नेटवर्कवर बोलणारा स्मार्ट पॉवर सप्लाय" असं लिहून आलंय. साध्या १० अँपियरच्या एसएमपीएसच्या (एसीचे २४ व्होल्ट डीसी करणाऱ्या सप्लायच्या) अडीचपट भाव पडतो.

त्यांची मूळ तक्रार अशी: फील्डला सेन्सरची एखादी वायर शॉर्ट झाली की पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) रीसेट होतो आणि आख्खी लाइन थांबते. पॅनेल उघडून बघावं तर एकही एमसीबी (जादा करंटला तोडणारा स्विच) पडलेला नसतो. मग शॉर्ट शोधण्यात पाळी जाते.

लोड अँपियरमध्ये देतो. पीएलसी कार्डांसकट १.२, दहा इंची एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन) ०.८, ४.८ वॉटचे १४ सोलेनॉइड व्हॉल्व्ह मिळून २.८, सेन्सर २२ मिळून ०.३५, स्लिम रिले ३२ मिळून ०.२५, सेफ्टी रिले आणि लाइट कर्टन ०.३, नेटवर्क स्विच ०.२, टॉवर लॅम्प आणि हूटर ०.२. एकूण ६.१. फील्डची वायर ०.७५ स्क्वेअर (चौरस मिलिमीटर), लांबात लांब ४५ मीटर. आजच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक शाखेला सी कर्व्हचा २ अँपियर एमसीबी आहे.

स्मार्ट सप्लाय लावल्याने हा रीसेट थांबेल का?

फेरूल

थांबणार नाही. निदान "स्मार्ट" या एका शब्दाने तरी नाही, कारण बाजारात त्या शब्दाखाली चार निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात.

एक, नुसता "डीसी ओके" (आउटपुट ठीक आहे एवढंच सांगणारा) कॉन्टॅक्ट आणि दर्शनी एलईडी पट्टी. दोन, थोडा वेळ जादा करंट देण्याची ताकद, म्हणजे बूस्ट. तीन, नेटवर्कवर व्होल्ट, अँपियर, तापमान, चाललेले तास सांगणारा सप्लाय. ओमरॉनचा एस८व्हीके-एक्स इथरनेट आयपी आणि मॉडबस टीसीपी बोलतो, सीमेन्सचा सिटॉप पीएसयू८६०० प्रोफिनेट आणि ओपीसी यूए. चार, चॅनेलवार इलेक्ट्रॉनिक ब्रेकर. हा कधी सप्लायच्या अंगातच असतो, कधी शेजारी वेगळं मॉड्यूल म्हणून रेलवर बसतो.

तुमचं दुखणं चौथ्या प्रकाराने बरं होतं. स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलाय तिसरा.

अडीच_स्क्वेअर

एमसीबी का पडत नाही, ते तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो.

४५ मीटर म्हणजे जाऊन-येऊन ९० मीटर. तांब्याचा रोध ०.०१७८ धरला तर ०.७५ स्क्वेअरला ९० × ०.०१७८ ÷ ०.७५ = २.१४ ओहम. सप्लायची ताकद अमर्याद असती तरी टोकाच्या शॉर्टमध्ये २४ ÷ २.१४ = ११.२ अँपियरच वाहिले असते.

सी कर्व्हचा २ अँपियर एमसीबी चुंबकीय झटक्याने पडायला एसीवर ५ ते १० पट, म्हणजे १० ते २० अँपियर लागतात. डीसीवर हा आकडा साधारण दीडपट होतो. खात्री हवी तर ३० अँपियर धरा. ११ अँपियर जिथे डीसीच्या खालच्या टोकालाही पोचत नाहीत, तिथे झटक्याने पडायचा प्रश्नच येत नाही.

आता सप्लायची बाजू. १० अँपियरचा साधा एसएमपीएस १२ च्या आसपास करंट अडवतो. ६ अँपियर चालू लोडला गेले की शॉर्टच्या वाट्याला उरतात ६, आणि २.१४ ओहममधून ६ अँपियर म्हणजे बसवर (सगळ्या शाखांना जाणाऱ्या २४ व्होल्टच्या लाइनवर) राहतात १३ व्होल्ट. पीएलसीला २०.४ ते २८.८ लागतात; आयईसी ६११३१-२ मधलं २४ व्होल्ट, उणे १५ अधिक २० टक्के. पीएलसी तिथेच गेला. एमसीबीमधून जातायत ६ अँपियर, रेटिंगच्या तिप्पट. त्याची द्विधातू पट्टी तापून वाकायला काही सेकंद तरी लागणार. तोवर कोणीतरी मेन स्विच बंद करून चालू केलेला असतो, पट्टी थंड झालेली असते, आणि सगळे एमसीबी वर.

म्हणून पॅनेल उघडल्यावर काहीच सापडत नाही.

दांडियाबाजार

गणित पटलं. पण मग सहापट करंट देणारे सप्लाय येतात ना, १५ मिलिसेकंद? तो घेतला की एमसीबी झटक्यात पडेल. जादा मॉड्यूलची भानगडच नको.

अडीच_स्क्वेअर

@दांडियाबाजार, वरचा दुसरा परिच्छेद पुन्हा बघा. सप्लाय ६० अँपियर द्यायला तयार असेल, वायर ११.२ च्या वर जाऊच देत नाही. बूस्ट कामाला येतो तो जाड आणि आखूड वायरीवर. त्याच ४५ मीटरला २.५ स्क्वेअर ओढली तर लूप ०.६४ ओहम आणि शॉर्टचा करंट ३७ अँपियर. तिथे बूस्टवाला सप्लाय सी २ ला खरोखर पाडेल. पण २२ सेन्सरना कोणी अडीच स्क्वेअर ओढत नाही.

दांडियाबाजार

बरं. आणि फ्यूज टर्मिनल? काचेचा फास्ट फ्यूज, १ अँपियर. सेन्सरच्या शाखेला तेवढा पुरतो, आणि सगळ्यात स्वस्त.

फेरूल

तुमचा मुद्दा साफ खोडण्यासारखा नाही. १ अँपियरचा फास्ट फ्यूज ६ अँपियरवर एमसीबीच्या कितीतरी आधी उडतो. मात्र "उडतो" आणि "पीएलसीला कळायच्या आत उडतो" यात फरक आहे. पीएलसीच्या २४ व्होल्ट इनपुटने पुरवठ्यातला खंड सोसायचा तो १ किंवा १० मिलिसेकंद, वर्गाप्रमाणे. चौपट करंटवर फास्ट फ्यूजला ३०० मिलिसेकंदांपर्यंत मुभा असते. सहापटीला वेळ कमी होतो, पण १० च्या आत येईल याची हमी कोणी देत नाही.

दुसरं, फ्यूज उडाला की रात्रपाळीला जो हाताला लागेल तो बसवला जातो. १ च्या जागी ५, ५ च्या जागी तांब्याची तार. ड्रॉइंगवर लिहिलेलं संरक्षण सहा महिन्यांत पॅनेलमध्ये उरत नाही.

इलेक्ट्रॉनिक ब्रेकर मुळात वेगळं काम करतो. तो चॅनेलचा करंट सतत मोजतो, सेट केलेल्या मर्यादेच्या थोडं वर दाबून धरतो आणि मग तोडतो. २ अँपियरच्या चॅनेलने शॉर्टला ३ च्या वर जाऊ दिलं नाही, तर ६.१ अधिक ३ म्हणजे ९.१. दहाच्या आत. बस हलतच नाही आणि पीएलसी चालू राहतो. मॉड्यूलवर त्याच चॅनेलचा दिवा लाल, एचएमआयवर "चॅनेल ३ ट्रिप". शोधायला जायची जागा कळली.

घेताना एकच खात्री करा: करंट दाबून धरणारा आहे की नुसता वेळ मोजून तोडणारा. दुसऱ्या जातीचा स्वस्त असतो, पण तोडेपर्यंत बस खाली ओढतो. डेटाशीटमधला करंट-वेळ आलेख बघितल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

उन्हाळा_४४

संरक्षणाचं ठीक आहे, पण पत्र्याची शेड हा शब्द कोणी उचलला नाही. वडोदऱ्यात मे महिन्यात बाहेर ४४ म्हणजे पत्र्याखाली त्याहून जास्त. पॅनेलच्या आतलं बोला.

८०० × १२०० × ३०० चं भिंतीवरचं पॅनेल धरा. उष्णता टाकणारं क्षेत्रफळ काढायचं सूत्र १.४ × रुंदी × (उंची + खोली) + १.८ × खोली × उंची. १.६८ अधिक ०.६५ म्हणजे २.३३ चौरस मीटर. रंगवलेला पत्रा दर चौरस मीटरला, दर अंशाला साधारण ५.५ वॉट बाहेर टाकतो. आत दोन छोटे ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे) आणि बाकी मिळून १८० वॉट उष्णता असेल तर आतलं तापमान बाहेरपेक्षा १४ अंश वर. ४४ अधिक १४, ५८. ही सरासरी झाली. छताजवळ आणखी जास्त, आणि एसएमपीएस सगळे लावतात सगळ्यात वरच्या रेलवर!

चांगला सप्लाय ६० अंशांपर्यंत पूर्ण करंट देतो, पुढे दर अंशाला अडीच टक्के कमी. स्वस्तातले बरेच ५० वरच उतरायला लागतात. बॉक्सवर लिहिलेले १० अँपियर मे महिन्यात ८ सुद्धा असतील. तुमच्या ६.१ ला चालेल, पण शॉर्टच्या वेळचे ३ जादा कुठून आणणार?

कार्यक्षमतेकडेही बघा. २४० वॉटला ९४ टक्के म्हणजे १५ वॉट उष्णता, ८८ टक्के म्हणजे ३३. वरचे १८ वॉट दिवसरात्र पॅनेल तापवतात. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर १० अंश वाढीला अर्धं आयुष्य गमावतात. एसएमपीएस मरतो तो बहुतेक वेळा याच कपॅसिटरपायी: आधी रिपल (डीसीवरची लहर) वाढतो, मग सेन्सर कारण नसताना फडफडतात, आणि सगळे सेन्सर बदलत बसतात.

सप्लाय वरच्या नाही, मधल्या रेलवर लावा. वर-खाली ५० मिलिमीटर मोकळं, ड्राइव्हच्या डोक्यावर कधीच नाही, आणि आडवा झोपवून तर मुळीच नाही.

सावली_मंजुसर

पॅनेलला फॅन आणि फिल्टर लावला की झालं की.

उन्हाळा_४४

फिल्टर दर महिन्याला साफ होणार असेल तरच. पॅकिंगची धूळ बारीक असते. जाळी तुंबली की फॅन नुसता फिरतो, हवा हलत नाही, आणि पॅनेल बंद पेटीपेक्षा वाईट होतं, कारण "फॅन आहे" म्हणून कोणी बघत नाही.

नंदेसरी किंवा रानोलीसारख्या रसायनांच्या पट्ट्यात तर फॅन नकोच. बाहेरची आम्ल हवा थेट कार्डांवर येते. तिथे बंद पॅनेल, पॅनेल एसी किंवा हीट एक्स्चेंजर, आणि कोटिंग केलेल्या कार्डांचा सप्लाय.

नऊ पॅनेलं एकसारखी आहेत तर एकाची तापमानवाढीची चाचणी इथेच मकरपुऱ्यात एर्डात (विजेच्या उपकरणांच्या चाचणी प्रयोगशाळेत) करून घेता येईल. ते जमत नसेल तर बंद पॅनेलमध्ये पूर्ण लोडवर चार तास, सप्लायच्या ५० मिलिमीटर खाली थर्मोकपल. सप्लायची सभोवतालची हवा तिथे मोजतात, डब्यावर नाही.

मॉडबस_४८५

नेटवर्कवाल्या सप्लायची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

तो रीसेट थांबवत नाही, मान्य. पण सप्लाय बदलायची वेळ आधी सांगतो, आणि लोड कुठे चाललाय ते दाखवतो. फक्त ते आकडे कोणीतरी वाचले पाहिजेत. कमिशनिंगच्या दिवशी दोन आकडे लिहून ठेवायचे: मशीन नुसतं उभं असतानाचा करंट, आणि सगळे व्हॉल्व्ह एकदम ओढल्यावरचा. समजा २.९ आणि ५.९. सहा महिन्यांनी उभ्या मशीनचा ३.३ दिसायला लागला तर कुठेतरी ४०० मिलिअँपियर गळतायत. व्हॉल्व्हच्या प्लगमध्ये पाणी, चिरडलेली केबल, किंवा कोणीतरी नवा बारकोड रीडर चोरून जोडलाय.

अलार्म ठेवायचे ते असे: १० मिनिटांची सरासरी ८ अँपियरच्या वर, व्होल्टेज २३.५ च्या खाली, आतलं तापमान डेटाशीटमधल्या मर्यादेच्या ५ अंश आधी. वाचन ५ सेकंदांनी एकदा पुरतं. दर १० मिलिसेकंदांनी मॉडबस मारून पीएलसीचा स्कॅन (प्रोग्रामच्या एका फेरीचा वेळ) वाढवू नका.

एक मर्यादा डोक्यात ठेवा. ज्या नेटवर्क स्विचवरून सप्लाय बोलतो तो स्विच त्याच २४ व्होल्टवर असतो. बस पडली की निरोप घेऊन जाणाराच पडला. म्हणून घटना सप्लायच्या स्वतःच्या मेमरीत राहतायत का ते विचारा, आणि बस परत आल्यावर पीएलसीने ती नोंद ओढून घ्यायची. "डीसी ओके" कॉन्टॅक्टचंही तेच: त्याच पीएलसीच्या इनपुटला जोडलेला कॉन्टॅक्ट, पीएलसी मेल्यावर कोणाला सांगणार? तो वरच्या मुख्य पॅनेलकडे न्या.

फेरूल

@मॉडबस_४८५, तुमच्या ४०० मिलिअँपियरच्या उदाहरणावरच बोलतो. सप्लाय फक्त एकूण सांगेल, ३.३. चौदा व्हॉल्व्ह आणि बावीस सेन्सरांतला कोण, ते नाही. चॅनेलवार करंट सांगणारा ब्रेकर घेतला, आयओ-लिंकवाला किंवा मॉडबसवाला (दोन्ही पीएलसीशी बोलायच्या भाषा), तर "चॅनेल ६, १.४ च्या जागी १.८" असं दिसेल. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर मोजमाप ब्रेकरमध्ये घ्या. सप्लाय साधा, पण चांगला.

मॉडबस_४८५

हे पटलं. पण तापमान आणि उरलेलं आयुष्य ब्रेकर सांगणार नाही. नऊ लाइनींपैकी सगळ्यात गरम कोपऱ्यातल्या एका पॅनेलला तरी बोलका सप्लाय लावा. त्यावरून बाकीच्यांचा अंदाज येतो.

अर्थ_पॉइंट

ब्रेकर लावायचं ठरत असेल तर दोन वायरिंगच्या गोष्टी आधीच ड्रॉइंगमध्ये घ्या.

पहिली, ० व्होल्ट अर्थला जोडायचा, एकाच ठिकाणी, सप्लायजवळ, उघडता येईल अशा लिंकने. आयईसी ६०२०४-१ हेच सांगतो: एक बाजू अर्थला बांधा, नाहीतर इन्सुलेशन मॉनिटर लावा. तरंगता ठेवला तर पहिला अर्थ फॉल्ट गुपचूप बसून राहतो. दुसरा फॉल्ट पीएलसी आउटपुट आणि कॉइलच्या मधे झाला की कोणी बटण न दाबता व्हॉल्व्ह ओढला जातो. अर्थला बांधलेलं असेल तर पहिल्याच फॉल्टला चॅनेल तुटतो.

दुसरी, बॅकफीड. बहुतेक ब्रेकर फक्त प्लस तोडतात. फील्डच्या जंक्शन बॉक्समध्ये चॅनेल २ चं प्लस चॅनेल ३ ला कुठे टेकलं, दोघे समांतर झाले, की कुठलाच धड तुटत नाही. तपासायची रीत सोपी आहे. एकेक चॅनेल बंद करायचा आणि त्याच्याच आउटपुट टर्मिनलवर मोजायचं. शून्य आलं पाहिजे. २४ दिसले की मागून कोणीतरी भरतंय. हे कमिशनिंगच्या आधी, लोड जोडलेला असताना करा. रिकाम्या चॅनेलवर मीटर दहा-बारा व्होल्टचं भूत दाखवतो.

आणि प्रत्येक चॅनेलचा परतीचा ० व्होल्ट पॅनेलपर्यंत आणा. फील्डमध्येच एका वायरीत गोळा करू नका.

अडीच_स्क्वेअर

शेवटचं वाक्य सोन्यासारखं. व्हॉल्व्हचा परतीचा कॉमन एकाच ०.७५ मध्ये आणला असेल तर १४ व्हॉल्व्ह एकदम ओढल्यावर २.८ अँपियर एका वायरीतून. जाणारी वायरही एकच धरली तर २.८ × २.१४ = ६ व्होल्ट ड्रॉप. कॉइलला मिळाले १८. बहुतेक कॉइल ±१० टक्क्यांच्या, म्हणजे २१.६ तरी हवेत. एकेकटा व्हॉल्व्ह चालवून बघितला तर सगळे ठणठणीत, एकदम आले की दोन-तीन ओढत नाहीत. हवेच्या दाबावर खापर फुटतं. जाणारी आणि परतीची दोन्ही २.५ स्क्वेअर केल्या की ड्रॉप १.८ वर येतो.

सावली_मंजुसर

त्यापेक्षा सप्लायचा स्क्रू फिरवून २८ करून टाकायचं. सगळीकडे करतात.

अडीच_स्क्वेअर

सगळीकडे करतात आणि म्हणून सगळीकडे कॉइल जळतात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते: २८ भागिले २४, त्याचा वर्ग १.३६. पॅनेलजवळच्या कॉइल ३६ टक्के जास्त तापतात, कारण ड्रॉप दूरच्यांनाच असतो. कार्डांची मर्यादा २८.८ आहे, वर रिपल. शिवाय त्याच वॉटला सप्लाय २८ वर १० नाही, ८.६ अँपियरच देतो.

२४.५ ठेवा. ब्रेकर मॉड्यूलमध्ये एक-दोन दशांश जातात, तेवढे भरून निघतात. बाकीचा ड्रॉप वायरीनेच सोडवायचा.

खंडेराव_मार्केट

मधेच विचारतो. दोन १० अँपियरचे समांतर जोडून २० मिळतात का? एका जुन्या पॅनेलला जादा लोड आलाय.

फेरूल

मॅन्युअलमध्ये समांतर चालतो असं लिहिलं असेल तरच. दोघांचं व्होल्टेज रिकाम्यावर जुळवायचं, जमेल तेवढं जवळ, २० मिलिव्होल्टच्या आत. मग बसपर्यंतच्या वायरी सारख्या लांबीच्या आणि सारख्या जाडीच्या. दोघांची वायर एकमेकांतून पुढे नेऊ नका. नाहीतर एक १० अँपियर ओढत तापतो आणि दुसरा आरामात २ वर बसतो, आणि तापणारा आधी जातो.

रिडंडन्सी (एक मेला तरी दुसरा चालवेल अशी सोय) हवी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे लोड एकट्या १० अँपियरला पेलला पाहिजे, आणि मधे डिकपलिंग मॉड्यूल (मेलेल्याने दुसऱ्याला खाली ओढू नये म्हणून). डायोडवाल्यात अर्धा व्होल्ट तरी जातो आणि १० अँपियरवर ५ वॉट उष्णता. मॉस्फेटवाल्यात त्याच्या काही अंश. दोन्ही "डीसी ओके" वेगवेगळे वाचा. एक सप्लाय मेलेला कळलाच नाही तर रिडंडन्सी कागदावरच.

पतंग_उत्तरायण

वीज जाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. १४ जानेवारीच्या आसपास लाइनींवर मांजा अडकतो, फीडर झटके खातात. सप्लाय पूर्ण लोडवर साधारण २० मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे एक सायकल. तुमचे ६ अँपियर आहेत म्हणून थोडं जास्त. फीडरचा रीक्लोजर (लाइन आपोआप तोडून पुन्हा जोडणारा ब्रेकर) उघडून मिटेपर्यंत त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो.

अर्ध्या-एक सेकंदाचे झटके असतील तर कपॅसिटरवालं बफर मॉड्यूल पुरे. देखभाल नाही. काही मिनिटं हवी असतील तर डीसी यूपीएस. पण त्यावर फक्त पीएलसी, एचएमआय आणि स्विच ठेवा, २.२ अँपियर. दहा मिनिटांना हिशोबाने ०.४ अँपियर-तास लागतात. १२ व्होल्ट ७ अँपियर-तासाच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे म्हातारपणीही भरपूर. व्हॉल्व्ह यूपीएसवर नकोत. वीज नसताना मशीनचे हात हलता कामा नयेत.

बॅटरी पॅनेलच्या तळाशी, थंड जागेत. तिचंही गणित तेच: दर १० अंशांना आयुष्य अर्धं. चार्जिंगचं व्होल्टेज २५ अंशांना २७.३, गरम जागेत ते तापमानाप्रमाणे उतरवणारा यूपीएस घ्या, नाहीतर बॅटरी फुगते.

दांडियाबाजार

तळाशी, पण किती तळाशी? २०१९ आणि २०२४ दोन्ही वर्षी विश्वामित्रीने शहरात पाणी आणलं. जमिनीवरच्या पॅनेलला ३०० चा तरी चौथरा द्या आणि बॅटरीला तळपत्र्यावर न ठेवता वेगळा ट्रे.

पतंग_उत्तरायण

बरोबर. वाघोडियाला तेवढी भीती नसली तरी शेडमध्ये फरशी धुतातच. पाण्याचा पाइप पॅनेलच्या ग्लँडवर मारलेला असतो.

लाल_पिवळा_निळा

इनपुटची बाजू राहिली. नऊ पॅनेलं एका फीडरवर असतील तर वीज परत येते त्या क्षणी नऊ सप्लाय एकदम चार्ज होतात. प्रत्येकाला स्वतःचा एमसीबी, मॅन्युअलमध्ये सांगितलेला, बहुतेक सी कर्व्ह ६ किंवा १०. एनटीसीवाला (थंड असताना करंट रोखणारा, तापला की रोध कमी होणारा रेझिस्टर असलेला) सप्लाय गरम असताना वीज जाऊन लगेच आली तर इनरश (सुरुवातीचा करंटचा झटका) जास्त असतो, कारण एनटीसी अजून थंड झालेला नसतो. बी कर्व्हचे इनपुट एमसीबी उन्हाळ्यात कारण नसताना पडतात ते यामुळे.

आणि न्यूट्रल. शेडचा न्यूट्रल सैल झाला की २३० च्या जागी ३५०-४०० व्होल्ट येऊ शकतात. २६४ पर्यंतचा सप्लाय त्यात जातो. न्यूट्रलचा भरवसा नसेल तर सरळ दोन किंवा तीन फेजवर चालणारा ४०० व्होल्टचा सप्लाय घ्या. किमतीत फार फरक नाही. सोबत टाइप २ एसपीडी (व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणारी), आणि तिची अर्थ वायर आखूड. गुंडाळी करून ठेवलेली अर्थ वायर म्हणजे एसपीडी नसल्यासारखीच.

सावली_मंजुसर

हा धागा प्रिंट काढून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवण्यासारखा झालाय.

मकरपुरा_पॅनेल

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्राहकाला हे सगळं दाखवून असं ठरवतोय: १० अँपियर, ९४ टक्के कार्यक्षमतेचा, ६० अंशांपर्यंत पूर्ण करंट देणारा, दोन फेजवर चालणारा सप्लाय, मधल्या रेलवर, २४.५ व्होल्ट. पुढे करंट दाबून धरणारा आठ चॅनेलचा ब्रेकर, आयओ-लिंकसकट. नेटवर्कवाला सप्लाय फक्त बॉयलरच्या भिंतीलगतच्या लाइनला. बफर मॉड्यूल नऊही ठिकाणी.

चॅनेल असे: १ पीएलसी आणि स्विच, २ अँपियर. २ आणि ३ सेन्सर, अर्धे-अर्धे, १-१. ४ रिले, १. ५ आणि ६ व्हॉल्व्ह, सात-सात, २-२. ७ एचएमआय, २. ८ सेफ्टी रिले, लाइट कर्टन, टॉवर लॅम्प, हूटर, १.

बेरीज १२ होते आणि सप्लाय १० चा. चालेल?

फेरूल

बेरीज चालते. चॅनेलचं सेटिंग म्हणजे त्या वायरीची मर्यादा, सप्लायवरचा लोड नाही. लोड ६.१ च आहे. व्हॉल्व्हचे चॅनेल २ वर ठेवलेत ते योग्य, १.४ चालतो.

चॅनेल ८ मात्र फोडा. टॉवर लॅम्प मशीनच्या डोक्यावर, धुताना हमखास पाणी जाणारी जागा. तो शॉर्ट झाला की सेफ्टी रिले मरेल आणि लाइन पुन्हा थांबेल. म्हणजे ज्या आजारासाठी हे सगळं केलं, तोच आजार मागच्या दाराने परत आला.

अर्थ_पॉइंट

एचएमआय दारावरच आहे, फील्डची वायर नाही. त्याला पीएलसीसोबत चॅनेल १ वर घ्या, २.२ होतात, सेटिंग ४. चॅनेल ७ लॅम्प आणि हूटरला मोकळा, १ अँपियर. सेफ्टी एकटी ८ वर.

रिमोट रीसेट पीएलसीतून आपोआप देऊ नका. तुटलेला चॅनेल माणसाने जागेवर बघून हातानेच चालू करायचा.

अडीच_स्क्वेअर

आणि डिस्पॅचच्या आधी शॉर्ट लावून बघा. ०.७५ चं ४५ मीटरचं बंडल घ्या, चॅनेल २ ला जोडा, टोकाला एक स्विच. लोड पूर्ण चालू ठेवून शॉर्ट करा. मग तेच बंडल काढून पॅनेलच्या टर्मिनलवरच शॉर्ट, कारण तो जास्त कठीण. बस ऑसिलोस्कोपवर बघायची. साध्या मीटरचा मिन-मॅक्स इतक्या झटपट पडझडीला पकडत नाही. स्कोप नसेल तर प्रोग्राममध्ये फर्स्ट स्कॅन बिटवर (पीएलसी सुरू होताना एकदाच येणाऱ्या) एक रिटेन्टिव्ह (वीज गेली तरी आकडा न विसरणारा) काउंटर लावा. आठही चॅनेल शॉर्ट करून झाले आणि काउंटर फक्त चॅनेल १ ला वाढला, तर पॅनेल पाठवा.

मकरपुरा_पॅनेल

ड्रॉइंग बदललं. काउंटर एचएमआयच्या देखभालीच्या पानावर कायमचा ठेवतोय, तारखेसकट. ग्राहकाच्या माणसालाही शॉर्ट लावून बघता येईल असा टोकाचा स्विच बंडलसकट पहिल्या पॅनेलसोबत पाठवणार आहे.